दिवे लागल्यावर विरजण

मी किसन, सुतार. आमचं गाव जवळा बाजारच्या अलीकडं, बाप सुतार, आजा सुतार, मी चौथीत शाळा सोडली अन् लाकूड तासायचा वाकस हाती धरला तो अजून सुटला न्हाई. आधी पेरणीच्या तिफणी केल्या, वखरं केली, आता दारं-चौकटी करतो, त्याबी कमीच. बायको माझी गया. गेल्या पोळ्याच्या आधी वारली. तुमी तिचंच विचारून राहिल्या म्हणून सांगतो बाई, न्हाईतर मी बोलणारा माणूस न्हाई, बोलणारी ती व्हती.

तिची एक पितळी वाटी व्हती, काठाला चेपलेली. गावात कुठं नवरा बायकोला मारून राहिला, आवाज आला, की ही वाटी घ्यायची अन् त्याच्या दारात जायची. काय गं, म्हणायची, थोडं विरजण दे, दूध लावायचं राहिलं. आता तुमाला मालूम असंल, दिवे लागल्यावर दूध, दही, विरजण कुणी घराबाहेर देत न्हाई. लेकरालाबी ठावं हाय ते. अन् ही जायची ती बराबर दिवेलागणीलाच, कारण माणसं पिऊन घरी येतात तवाच. मंग घरातली म्हणायची, मावशी, दिवे लागले, आता कसं देऊ. ही म्हणायची, व्हय की गं, इसरलेच, बरं बसते जराशी. अन् बसायची. उंबऱ्यावरच बसायची, कोणी आत या म्हणलं तरी उंबऱ्यावरच. तो वरडणारा वरडायचा, हिच्याकडं बघायचा, मंग गुमान बाजेवर पडायचा. तो घोरायला लागला की ही रिकामी वाटी घेऊन घरी.

मला लई वर्सं वाटायचं, बाईला अक्कल न्हाई. मी म्हणायचो, अगं घरात दही आपलं गाडगंभर, अन् तू लोकाच्या दारात काहून जाते. ती हसायची. मंग ती काहून जाते ते समजलं तवा मला दुसरंच डाचायला लागलं, की ही तिथं बसून बोलते काय. त्या माणसाला काय सांगते की तो ठंडा पडतो. विचारलं तर म्हणायची, म्हशीचं बोलतो. मी म्हणलं खोटं नको बोलू. ती म्हणली, बरं, रेडकाचं. अन् हे शिकली कुठं, ते तर तिनं कधीच सांगितलं न्हाई.

आता एक सांगतो, लपवून काय करू. मीबी तिला मारलं व्हतं. लगीन नवं व्हतं आमचं. गिऱ्हाईक तिफण न्यायला आलं अन् त्याच्यापुढं ही म्हणली, मधला फण वाकडा बसलाय. वाकडा व्हताच. पण गिऱ्हाइकापुढं काहून बोलली म्हणून, तो गेल्यावर मी बाभळीची फळी उचलली. तिचं मनगट असं सुजलं. अजून मारलं असतं, पण शेजारची रहीमाबी, पिंजाऱ्याची म्हातारी, आली अन् बसली, म्हणून थांबलो.

तर यंदा महिला दिनाला बचत गटाच्या बाया घरी आल्या. म्हणल्या, काका, गयामावशीचा सत्कार करायचा, शाल तुमी घ्या, तुमी तिच्या पाठीशी व्हते म्हणून तिला हे जमलं. हिनं यांना सांगितलं असंल का फळीचं? सांगितलं असंल तर या मला शाल काहून देऊन राहिल्या, अन् न्हाई सांगितलं तर मी ती अंगावर कशी घेऊ?

मी शमीमकडं गेलो. रहीमाबीची सून ती, आता तीबी म्हातारी, गयाची मैतरीण. गाद्या शिवत बसली व्हती. मी म्हणलं, शमीम, गयानं तुला माझं काही सांगितलं व्हतं का. ती सुई न थांबवता म्हणली, भाऊ, सांगायला कशाला पायजे, भिंत एकच की आपली. मी म्हणलं, बरं, मंग वाटीचं ती कुठं शिकली तेवढं सांग. तवा सुई थांबली. म्हणली, भाऊ, तुमाला खरंच न्हाई मालूम? वाटी आमच्या सासूची हाय.

काय सांगू तुमाला, मला तवा सारं दिसलं. रहीमाबी त्या दिवशी रिकामी न्हाई आली. हातात वाटी व्हती. विरजण दे म्हणली. अन् मी, फळी हातात घेऊन, तिलाच खेकसलो व्हतो, इतकी वर्सं आमच्या शेजारी राहते, दिवे लागल्यावर मागत न्हाईत एवढं तुला समजत न्हाई का. ती म्हणली, इसरली बेटा, बसते जरा. म्हातारीला अक्कल न्हाई, असंच मला आजवर वाटत व्हतं.

सत्काराला गेलो. माईक हातात दिला तर मी म्हणलं, मी तिच्या पाठीशी नव्हतो, बायकोला मारणारात मी पहिला, शाल शमीमला द्या. अन् खाली उतरलो. कोणी टाळी वाजवली न्हाई, बरं झालं.

परवा दिवेलागणीला पलीकडच्या दत्ताच्या घरातून आवाज आला. मी वाटी घेतली अन् गेलो. दत्ता दारात आला, तोंडाला वास. म्हणला, बाबा, म्हैस तुमी कवाच इकली, विरजण कशाला लावता, पाण्याला? मी म्हणलं, व्हय रे, इसरलो, बसतो जरा. त्यानं वाटीकडं पाह्यलं. वाटी साऱ्या गावाला मालूम. मंग काय बोलावं सुचंना, म्हणून मी त्याला म्हशीचं सांगत बसलो, ती कशी लाथ मारायची, गयाच्याच हातानं कशी पान्हवायची. ऐकता ऐकता खाली बसला तो.

म्हणजे खोटं न्हाई बोलली ती. खरंच म्हशीचं बोलत व्हती.

तुमच्याबी दारात दिवे लागल्यावर कोणी विरजण मागायला आलं तर हाकलू नका बाई. बसू द्या.