जखिणीच्या खिंडीत अडलेला ट्रक

"इंजिन उघडून नवं केलंय. तरी गाडी नडते? घरात दुसरं काय नवं आलंय, ते बघ की!"

ऐका. हे आत्याबाई बोलल्या. भावाच्या, म्हणजे वैजयंताच्या सासऱ्यांच्या, कानाशी, परसात. वैजयंताला ते ऐकू जायचं नव्हतं. नवी सून, अंगाची हळद उतरली नव्हती. पण कान तर सासरी आले की बंद होत नाहीत! तिनं ऐकलं. गिळलं.

गाडी म्हणजे सासऱ्यांचा, तात्यांचा, म्हातारा ट्रक. त्या घराची रीत अशी, की इंजिनाचं काम निघालं की गाडी खालीवर रंगवायची आणि मगच कुलदेवाला न्यायची. तात्यांनी स्वतः रंगवली. रंग ओला असतानाच त्यावर वायरी, बोल्ट आवळून टाकले. वैजयंता चहा द्यायला गेली, तेव्हा तिनं पाहिलं. नवी सून विचारणार कोणाला?

गाडी किल्लीनं सुरू होईना. गावातल्या पोरांनी धक्का मारला, तेव्हा धडधडली. "बॅटरी बसलीय," तात्या म्हणाले. दिवस मावळला आणि निघाले हो! तात्या, आत्याबाई, वैजयंता आणि तिचा नवरा भानुदास.

पुढं जखिणीची खिंड. जवळ सरका, घाबरताय काय! खिंडीत म्हसोबा. त्याच्यापुढं इंजिन बंद करून नारळ फोडायचा, हाही नेम. चढावर मागं घसरू नये म्हणून भानुदासनं गाडी पहिल्या गिअरात ठेवली. नारळ फुटला. किल्ली फिरवली.

टक!

बस, तेवढंच. पुन्हा फिरवली. टक! जसं कोणी आतून बोट वाजवावं. हेडलाइट विझत आले, विडीच्या टोकाएवढे लाल. पुन्हा फिरवली. आणि आता ॲक्सिलरेटरच्या तारेतून धूर! भानुदासनं हात लावला. "आई गं!" तार तापून निखारा झालेली.

"जखीण!" आत्याबाई किंचाळल्या. "तिला हिरवा चुडा लागतो. हिला उतरवा, चुडा फोडून तिला वाहा. आणि सकाळच्या एस्टीनं हिला माहेरी धाडा. गाडी रुळेपर्यंत आणायची नाही!"

तात्या मान खाली घालून उभे. भानुदास? त्यानं पाना उचलला आणि बॉनेटात डोकं घातलं! लग्नात पाचशे माणसांपुढं हात धरलेला माणूस, खिंडीत चौघांत पाठ फिरवून!

वैजयंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण डोकं ठिकाणावर होतं. माहेरच्या ट्रॅक्टरला एकदा अर्थिंगची पट्टी सुटली होती. तेव्हा असाच धूर आला होता, असाच तारेतून. विजेला तिची वाट मिळाली नाही, की ती भलत्या वाटेनं पळते.

"अहो," ती हळूच म्हणाली, "इंजिनाकडून चासीला, खालच्या सांगाड्याला, येणारी पट्टी बघा. तिच्याखाली रंग आहे. रंगातून वीज जात नाही."

"तू गप बस. आत्या बोलतेय ना."

तिनं त्याच्या हातातला पाना घेतला. टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली. नव्या शालूसकट! बोल्ट सैल केला. पट्टीखाली जाडजूड लाल रंग, मलईसारखा. पान्याच्या टोकानं खरवडला. लोखंड चकाकलं. बोल्ट करकचून आवळला, बाहेर आली. "मारा किल्ली."

इकडं आत्याबाई लिंबू घेऊन गाडीपुढं उभ्या, जखिणीला शिव्या घालत. भानुदासनं किल्ली मारली. गिअर तसाच, पहिला! ट्रक एकदम पुढं झेपावला, बैल दाव्यातून सुटावा तसा. वैजयंतानं आत्याबाईंचा पदर धरून त्यांना असं ओढलं, की दोघी बांधावर. ट्रक लिंबू चिरडून, धडधडत, भानुदासनं ब्रेक दाबला तेव्हा चार हातांवर थांबला.

थोडक्यात वाचल्या हो! आणि तोंडाचा पट्टाही शाबूत! कपडे झटकत आत्याबाई म्हणाल्या, "बघितलंत? ढकलायला आली होती मला! ऐका, नवी नवरी घेऊन या खिंडीत पाऊल टाकू नका, जन्मात टाकू नका!"

तेव्हा वैजयंता बोलली. सासरी आल्यापासून पहिल्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"आत्या, माझं चुकलं असतं तर मी सकाळच्या एस्टीनं गेले असते. रंग तात्यांनी दिला, गिअर ह्यांनी ठेवला. सांगा, ह्यांतलं कोणाला कुठं धाडायचं?"