गोलातली खुर्ची

काकू, सरांच्या घरची बाकी सगळी मंडळी, देगलूरहून आलेले पाहुणे आणि आपल्या नांदेड-लातूरच्या दोन्ही ऑफिसांतले सगळे. बोलायला तुम्ही मलाच पुढं केलंत. मी एरवी बडबडी बाई, पण आज शब्द कुठून आणू?

मी रेखा. भोकरची. माधवराव सरांच्या हाताखाली डाळ मिल उभारायचं काम शिकले. तुमच्यातले कितीतरी जण तसेच शिकले.

सर गेले, हे मला अजून खरं वाटत नाही. सकाळी जाग येते आणि वाटतं, आता गाडी येईल, आपण लातूरला निघू. लोहा गाव मागं पडेल, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन हलत राहील आणि सर म्हणतील, डोळे मिट.

हाव, डोळे मिट. तो त्यांचा खेळच होता. डोळे मिटून सांग, मिल कशी दिसते. सरांना सगळी दिसायची. पाया भरायच्या आधीच त्यांना वरून पडणारी तूरडाळ दिसायची, तिचा वास यायचा. आधी अख्खा आराखडा, मग पहिली वीट, ही त्यांची पद्धत. तिचंच, प्रकल्प व्यवस्थापनाचं, मोठं प्रमाणपत्र त्यांनी मेहनतीनं मिळवलं होतं.

मग कंपनीत कामाची नवी पद्धत आली, ॲजाइल. थोडं काम करायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं, बदलायचं, पुढं जायचं. रोज सकाळी सगळ्यांनी गोल उभं राहून सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. उभं का, तर बोलणं आटोपतं व्हावं म्हणून.

आठवतं का लातूरवाल्यांनो, पहिल्या दिवशी तुम्ही काय केलंत? वडीलधाऱ्या माणसाला उभं कसं ठेवायचं, म्हणून सरांना खुर्ची आणलीत. सर एकटे कसे बसतील, म्हणून फोरमनला आणलीत. मग सगळ्यांनाच. मग चहा, मग पोहे. जेवायच्या सुट्टीपर्यंत आपलं ॲजाइल बसूनच होतं. सर हसून हसून बेजार झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः खुर्ची भिंतीला लावली आणि आपल्यात येऊन उभे राहिले.

आजारी पडल्यावर मात्र ती खुर्ची परत गोलात आली. सर बसायचे, आपण उभे.

माझं तेव्हा एकच चाललं होतं. उदगीरची नवी मिल माझ्याकडं येणार होती, पण आधी एक प्रमाणपत्र घे, असं कंपनीनं सांगितलं. सरांसारखं मोठं, की ॲजाइलचं? कुणी म्हणायचं, मोठ्यालाच मान आहे. कुणी म्हणायचं, आता ते कोण विचारतं. चुकीचं निवडलं तर काम हातचं जाईल, ही भीती होतीच. पण खरं सांगू? सरांची वाट सोडली तर त्यांना काय वाटेल, याची जास्त भीती होती. मी विचारलं की सर गाडीच्या खिडकीबाहेर बघत राहायचे.

दवाखान्यात भेटले, ते शेवटचं. आवाज पार खोल गेला होता. तरी त्यांनी विचारलंच, "कुठं अडून राहिलीस, बेटा?"

निवडीतच, मी म्हणाले.

"डोळे मिट. उदगीरची मिल दिसती का?"

मी मिटले. मिल काही दिसेना. लई वेळ बघितलं. सरांशी खोटं बोलायची हिंमत नव्हती. म्हणाले, "न्हाई सर. माणसं दिसायलीत. गोल उभी हायत. कुणीतरी बोलून राहिलंय."

सरांनीही डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग हळूच म्हणाले, "मला आधी मिलच दिसायची. माणसं मागून दिसली. तू तुझी परीक्षा दे. माझी नको देऊ."

सर, काल मी ॲजाइलच्या परीक्षेला नाव घातलं. आज इथं उभी आहे. अडलंय एवढंच, की हे सांगायला समोर तुम्ही नाही. तुमची फार आठवण येते.

ती खुर्ची आज लातूरहून आणली आहे. आता सगळे उठू या, आणि तिच्याभोवती गोल उभे राहू या. काकू, तुम्ही नका उठू. तुम्ही त्या खुर्चीवर बसा.

कुणी काही बोलू नका. काल, आज आणि जिथं अडलंय ते, ज्यानं त्यानं मनातच सरांना सांगा. ते ऐकतील, त्यांना सवय आहे.

डोळे मिटा.