पब पाह्यजे म्हणे!

…आन् वरून मलाच म्हणतात, "मुसाफिर, तू घे ना जिम्मेदारी, हिंगोली तुझं गाव हाय!" अहो गाव माझं हाय, पण गावात हाय काय? धड बसून चहा प्यायचा म्हणलं तर बाकड्यावर अर्धा पाय टेकवावा लागतो, आन् ह्यायला पब पाह्यजे म्हणे… पब!

तुमाला सांगतो, ही औंदाचीच गोष्ट, दोन हजार आठची. स्टँडच्या समोर माझं दुकान, रत्नदीप झेरॉक्स आन् इंटरनेट. गिऱ्हाईक कमी, लोडशेडिंग जास्ती. मंग लाइट आसंल तेवढ्या वेळात मी त्या 'गप्पाघरा'वर बसायचो. गप्पाघर म्हणजे काय, इंटरनेटवरची चावडी समजा. फरक येवढाच की चावडीवर समदे एकमेकाला सात पिढ्यांपासून ओळखतात आन् इथं कोणाचा कोणाला पत्ता न्हाई. खरं नाव कोणी सांगायचं न्हाई, हा तिथला रिवाजच. मी रत्नपाल, पण तिथं 'मुसाफिर'. आता हा मुसाफिर परभणीच्या पलीकडं कवा गेलेला न्हाई, ते सोडा. एक मेंबर व्हती 'वादळ', कोणी काय बी लिहिलं की तिचं भांडण ठरलेलं. आन् एक व्हता 'निवांत'.

हा निवांत म्हणजे… कसं सांगू? माझी आई गेली त्या साली घर माणसांनी भरलं, माणसं बसली, उठली, आपापल्या गावाला गेली. जायाचीच. त्याच्यानंतर मी एकटा दुकानात त्या बंद कॉम्प्युटरसमोर बसायचो, लाइट आली की उघडायचो, तर निवांतचं लिहिलेलं आलेलंच आसायचं, 'मुसाफिरा, आज जेवलास का?' बस, येवढंच. पण रोज! घरच्यायनं इचारायचं बंद केलं तरी ह्यानं बंद केलं न्हाई. मला त्या माणसाला एकदा पाहायचं व्हतं हो. त्याचा हात हातात घ्यायचा व्हता. मला पबबिबचं काय करायचं? पण न्हाई… पब पाह्यजे म्हणे, पब!

आन् गाऱ्हाणी? समदी त्याच्यापाशीच. त्यातली बारा आणे सासऱ्याची. आमचे सासरे म्हणजे जळबा गुरुजी, रिटायर्ड हेडमास्तर, बुद्धविहाराच्या कमिटीचे अध्यक्ष. माणूस देव, पण बोलेल तर शपथ! मी सासुरवाडीत पाय टाकला की त्यांचा पेपर वर जाणार. पेपर खाली आला की समजायचं, जावई उठला. मी लिहायचो, 'निवांत, आमच्या सासऱ्याला हसायचं आसंल तर आधी वरून ऑर्डर यावी लागते.' निवांत ते हसरे तोंडं पाठवायचा, वळीनं पाठवायचा, आन् म्हणायचा, 'मुसाफिरा, त्याला बोलायला जमत नसेल रे. माझाही जावई आहे, समोर आला की मला काय बोलावं तेच सुचत नाही.' किती समजदार माणूस! मी म्हणायचो, ह्याचा जावई नशीबवान हाय लेकाचा.

तर झालं काय, पुण्याच्या मेंबरायनं पबमधी गेट-टुगेदर केलं आन् फोटो टाकले. हातात ग्लास, तोंडावर लाल-निळा उजेड. झालं! आमच्या हिंगोली, वसमत, परभणीच्या मेंबरायला चेव आला. मी म्हणलं, औंढ्याला जाऊ, झाडाखाली डबे सोडू, लेकरंबाळं आणा. 'छे! डबे काय? पब!' वादळ म्हणली पब, दुसरे म्हणले पब, निवांतनं सुदिक लिहिलं, 'बघू तरी काय असतं.' एकानं बी जन्मात पब पाह्यला नव्हता हो! एकानं बी!

गेलो मी औंढा रोडला, हॉटेल चांदणी, परमिट रूम. तिथला मॅनेजर किसनसिंग. त्याला म्हणलं, पब पाह्यजे. तो म्हणला, "त्याच्यात काय काय ऱ्हातं?"

"अंधार ऱ्हातो."

"हाय ना! लाइट कुठं ऱ्हाते आपल्याकडं?"

"जोरात गाणे लागतात."

"जनरेटर हाय. गाण्यापेक्षा जोरात हाय."

"लोकं उभे राहून पेतात."

"उभे काहून? मी काय खुर्च्या देत न्हाई का? काय पाव्हण्यायची बेइज्जती करता रत्नपालभाऊ!"

म्हणलं बाबा, खुर्चीवर तर खुर्चीवर. हॉलमधी एक लांब टेबल लाव, रविवारी दुपारी. दुपारी का, तर वसमतकराची लास्ट एसटी हुकायला नको. आन् निघता निघता एक वाक्य बोललो, त्याच वाक्यानं घात केला. म्हणलं, "किसनसिंग, माणसं इज्जतदार हायत, बराबर सांभाळ."

इज्जतदार! आता तुमाला माहीत न्हाई का आपल्याकडच्या परमिट रूमचा कायदा? इज्जतदार माणूस एकटा येतो, तोंडाला रुमाल, गाडी मागल्या बाजूला. त्याला कोणी नाव इचारायचं न्हाई, ओळख दाखवायची न्हाई, सख्खा भाऊ असला तरी न्हाई. वेटरनं गुमान त्याला केबिनमधी न्यायचं आन् पडदा ओढायचा. इज्जत म्हणजे पडदा! आन् मी त्याला सांगून आलो, समदे इज्जतदार हायत.

रविवारी मी पुढं जाऊन त्या लांब टेबलाच्या टोकाला बसलो. नवा शर्ट, केसाला तेल. जीव असा धडधड करून राहिला, पोरगी पाहायला गेलो व्हतो तवा बी येवढा केला नव्हता. आता येईल निवांत, आता येईल… आन् फाटकातून हिरवी लुना आत आली.

हिंगोली जिल्ह्यात हिरवी लुना एकच हाय, हँडलला छत्री बांधलेली. वर बसलेल्या माणसानं तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, नुसता चष्मा बाहीर. पण टॉवेलानं माणूस झाकतो, लुना झाकते का? सासरे! जळबा गुरुजी! परमिट रूममधी! मी कसा उठलो मला माहीत न्हाई, समोर पहिली केबिन दिसली त्यात शिरलो आन् पडदा ओढून घेतला. सासऱ्यानं जावयाला बारमधी पाह्यलं तर संपलंच की हो! मी जन्मात थेंब घेतलेला न्हाई, पण हे पेपराच्या मागं बसलेल्या माणसाला सांगणार कोण?

आता बघा माझी तकलीफ. कार्यक्रम माझा, पाव्हणे माझे, आन् मी पडद्यामागं! एकेक पाऊल वाजून राहिलं, एकेक पडदा सर्रकन ओढल्याचा आवाज. हॉलमधलं लांब टेबल रिकामं. वेटर आला, थावरा त्याचं नाव, मिशा पिकलेल्या. मी हळूच इचारलं, "गप्पाघरवालं कोणी आलं का हो?"

थावरा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "साहेब, तुमी सातवे. समद्या केबिनवाले हेच इचारून राहिले, गप्पाघरवालं कोणी आलं का, आन् समदेच लिंबूसोडा मागून राहिले. हा बार हाय का रसवंती?"

तुमाला सांगतो, मी कपाळावर हात मारला. समदे आले व्हते! एकूण एक! आन् बाहीर कोणी निघंना, कारण ज्याला त्याला वाटायचं, बाहीर आपल्या वळखीचं कोणी आसंल. मंग काय करावं? म्हणलं, थावराभाऊ, तुमीच निरोप न्या. आन् इंटरनेटनं केलं नसंल ते त्या माणसानं केलं! ह्या केबिनमधून त्या केबिनमधी.

"तीन नंबर म्हणते, समद्यायला नमस्कार."

"पाच नंबर एक कविता म्हणून राहिला, मला पाठ झाली तेवढी म्हणतो."

"चार नंबर म्हणते, ती कविता बोगस हाय."

चार नंबर म्हणजे वादळ! थावरा म्हणला, "आमच्या साखरा गावच्या नर्सबाई हायत त्या, संगिताबाई. संगं त्यायची सासू हाय, पारुबाई. सून पबमधी चालली म्हणल्यावर मातारी म्हणली, मंग मी बी येते. तिसरा मसाला पापड चालू हाय तिचा."

हसलो हो आमी! ह्या पडद्यात हसू, त्या पडद्यात हसू, जनरेटरच्या वर आवाज. दोन वर्सांत झाली न्हाई अशी मैफल झाली. फक्त तोंड कोणाचं दिसलं न्हाई.

शेवटी मी हिंमत केली. म्हणलं, "थावराभाऊ, निवांत कोणत्या नंबरात हायत? त्यायला सांगा, मुसाफिर म्हणतो, मला तुमाला पाहायचं हाय. एकदा पडदा सरकवा, मी येतो." सासऱ्यानं पाह्यलं तर पाह्यलं म्हणलं, आईच्या टायमाला जो माणूस रोज इचारत व्हता, त्याच्यासाठी येवढं न्हाई करायचं?

थावरा गेला. आला. आवाज जरा बारीक करून म्हणला, "निवांत म्हणजे दोन नंबर. तुमच्या बाजूचेच. ते म्हणले, मला बी लई भेटायचं हाय मुसाफिरला, पण माझ्या जावयाची मोटारसायकल उभी हाय बाहीर, डब्ब्यावर रत्नदीप झेरॉक्स लिहिलेली. त्यानं मला इथं पाह्यलं तर काय म्हणंल?"

…

आमच्या मधात प्लायवूडची एक फळी. फळीच्या पलीकडं खोकला आला, सासुरवाडीतला, पेपरामागचा. आन् मला, तुमाला सांगतो, आधी भीती न्हाई वाटली, आधी डोळ्यात पाणी आलं. रोज 'जेवलास का' इचारणारा हाच? एका गावात राहून, स्वतःच्या जावयाला, दुसऱ्या नावानं? मंग भीती आली! 'वरून ऑर्डर यावी लागते', हे मी कोणाला लिहिलं व्हतं? आन् त्यावर वळीनं हसरे तोंडं कोणी पाठवले व्हते?

पडद्याला हात लावला मी. लावला, आन् तसाच ठेवला. कारण पडदा सरकवला की समोर सासरे येणार, जळबा गुरुजी, अध्यक्ष. सासरे तर मला लग्नातच भेटलेले हायत. पण निवांत? तो एकदा गेला तर कुठून आणू?

म्हणलं, "थावराभाऊ, सांगा त्यायला, आज राहू द्या. मी रत्नदीपवाला हाय."

थावरा ह्या येळी लवकर आला. आपल्या मागं पडदा ओढून घेतला. मंग म्हणला, "दोन नंबर म्हणले, तुमी आधी निघा. मी डोळे मिटून बसतो."

निघालो. दोन नंबरच्या पुढून गेलो, मी बी डोळे खालीच ठेवले. पडद्याखाली चप्पल दिसली, मी झरकन बाहीर.

आता समदं जिथल्या तिथं हाय. सासुरवाडीत गेलो की पेपर वर. दुकानात लाइट आली की निवांत हजर, 'मुसाफिरा, जेवलास का?' मी म्हणतो, जेवलो. तो म्हणतो, छान. माणूस गेला न्हाई हो, वाचवला मी त्याला. पण परवाच्या दिवशी सासऱ्यानं चारचौघात माझा असा पाणउतारा केला, असा केला… दोन वर्सांची सवय, घरी आलो, कॉम्प्युटर उघडला, 'निवांत, आमचे सासरे' येवढं टाइप केलं, आन् हात तिथंच थांबला. आता ह्याच्यापुढचं कोणाला लिहू?

म्हणून तर तुमाला धरून बसवलं. उठू नका, बसा… परवाचं सांगायचंच हाय अजून.