पत्त्यावरचा पहिला हात

नाई गा, तिथं नको बसू — ती जागा सेवकरामची आहे. हो, खिडकीजवळची, उजेडाची. तो येईपर्यंत ती रिकामीच राहते. तू इथं दाराजवळ बैस, माह्या बाजूले. सूप मांडीवर घे. आजचा पहिलाच दिवस ना तुहा? माहा अकरावा. — हासू नको. अकरावा म्हनलं खरं, पन याच बिडीच्या कारखान्यात माही सोळा वर्सं गेली आहेत. सोळा! त्या सेवकरामले पत्त्यावर कैची चालवाले कोनं शिकवलं? मी. बिडीचं तोंड मोडाले कोनं शिकवलं? मीच. आनि काल तोच मले म्हनते, "बकारामभाऊ, जरा सरकून बसा." भाऊ बी म्हनते आनि सरकवते बी!

तुले इथला रिवाज ठाऊक नसंल. सकाळी भिजवलेला तेंदूपत्ता खोलीच्या मधोमध ओततात, आनि त्याच्यावर पहिला हात सगळ्यात जुन्या कारागिराचा. तो नरम, लांब, बिनभोकाचा पत्ता उचलते, मंग दुसरा, मंग तिसरा — अन् दारापर्यंत काय येते? फाटका, जाड शिरांचा. हा पाह्य. याची बिडी गुंडाळली का तडकते, अन् सांजच्याले छाटनारा मुठीमुठीनं बाजूले फेकते. वरून म्हनते, "बकाराम, हात बिघडला तुहा." हात नाई बिघडला रे बाबा, पत्ता बिघडला! नऊ वर्सं तो पहिला हात माहा होता. मी उचलल्याबिगर कोनी ढिगाले शिवत नोता.

मंग इथून गेलो कायले म्हनतोस? मी नाई गेलो — मले पाठवलं. शेठनं. त्याहिच्या साडूनं तिरोड्याले नवा कारखाना टाकला, तिथं बिडी बांधता येनारं कोनी नाई, तं शेठ म्हनाले, "बकाराम, तू जाय, तिथल्या लोकाइले शिकव. वापस आला का तुही जागा तुहीच." गादीवर बसून म्हनाले, चार मानसाइत. कागद? मालकाले कागद कोन मांगते गा? त्याहिची जबान म्हंजे आमच्यासाठी दगडावरची रेघ. तीन वर्सं शिकवलं तिथं. मंग त्या साडूच्या हातून पत्त्याचा ठेका गेला, तिथल्या कारखान्याले कुलूप लागलं, अन् मी आलो हात जोडून. तं शेठ काय म्हनाले? "जो गया, उसका नंबर गया." येवढंच. मान वर करून पाह्यलंही नाई. वरून, नवा म्हनून बसाचं असंल तं बैस, म्हने. रडू आलं मले, खरं सांगतो — पन्नाशीचा मानूस मी, अन् सगळे पाहून राहिले होते. शामकला, माही बायको, म्हनते, "सोडा ना, धानाच्या रोवन्यावर जाऊ." काऊन जाऊ? ही माही जागा आहे. धोका त्याहिनं देल्ला, मी कायले तोंड लपवू?

येकटाच असतो तं येक वेळ गिळलं असतं. माह्यासंग सहा जनं गेल्ते ना. इथले जुने, माह्याच ओळीतले. ते म्हनत होते, "भाऊ, आपल्या जागा गेल्या तं?" मी म्हनलं, "शेठनं मले सांगतलं, मी तुमाले सांगतो. मी आहो ना." आता ते तिरोड्यालेच आहेत. म्हनाले, तू पहिले जाय, शेठसंग बोल, मंग निरोप धाड, आमी येतो. कसा धाडू निरोप? त्याहिनं यावं अन् मले इथं जोड्यांपाशी बसलेलं पाहावं? मुनीमजीनं विचारलं होतं, "येक जागा अजून आहे, तुह्या मानसाइतलं कोनी येते का?" मी म्हनलं — काय म्हननार — म्हनलं, कोनी नाई येत, सगळे शेतीत लागले. येका जागेसाठी सहा जनाइत भांडनं कायले लावा? असं नाई… म्हंजे, तसंच समज. मंग तुले घेतलं ना मुनीमजीनं. तुहं भलंच झालं.

बरं, गाव कोनतं तुहं? कुडवा. अच्छा. कुडव्याले माही ओळख आहे. कोनाघरचा?

फुलवंताचा भाऊ? कोनती फुलवंता — रामलालची बायको? माह्यासंग तिरोड्याले गेलेल्या आपल्या रामलालची?

तो… बरा आहे ना? पोरं बरी आहेत? — रोज तिरोड्याच्या टेसनावर जाते? कायले? — माह्या निरोपाची वाट पाहाले.

असा पाहू नको गा माह्याकडं. आयक. मी धाडनारच होतो, चार दिवस जाऊ दे म्हनलं, शेठचा राग — नाई, राग नाई — आयक तं. रामलालले यातलं काही सांगू नको. नाई, सांग. नाई — मीच सांगतो, मी जातो तिरोड्याले, येत्या बाजाराच्या दिशी जातो.

सूप घेऊन कुठं चालला? तिकडं उजेड नाई, भिंतीपाशी अंधार आहे सगळा. इथं बैस ना.

बरं. जाय.