पुलाला पाडलेली भोकं

अहो, त्या दिवशी तसं विशेष काहीच नव्हतं. मी हदगावच्या स्टँडवर चहा पीत होतो आणि कोकणातून सुधाकरचा, माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. तो खाडीवरच्या पुलाच्या कामावर इंजिनिअर होता.

"दादा, पुलाला भोकं पाडून राहिलो."

"अन् सरकार त्याचा पगार देतंय व्हय रे?"

"हसू नको. वादळात लाट खालून येती. पुलाखाली हवा कोंडती अन् दोन खांबांमधला अख्खा गाळाच उचलला जातो. भोकातून हवा निघाली की पूल जागेवर राहतो."

"मजबूत करायला भोकं! लई शिकलास बाबा."

दुपारी त्याच नंबरावरून पुन्हा फोन आला. मी उचलताच विचारलं, "काय रे, किती झाली भोकं?"

"मी साइटवरचा मुकादम बोलतोय," पलीकडून आवाज आला. "फोन माझ्याकडे देऊन साहेब होडीतून पुलाखाली गेले होते. एकदम वारा सुटला, होडी खांबावर आपटली. साहेब गेले."

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "पूल कसा आहे?"

"पूल ठीक आहे," म्हणाला आणि रडायला लागला.

वर्ष झालं. सुधाकरचं काम अर्ध्यावरच थांबलं. पलीकडच्या काठाचे गाळे अजून तसेच आहेत. तिथे एकही भोक पाडलेलं नाही.