शेळीचा साबण

नाव दानम्मा शिवशंकर हलकुडे, वय ३८ वर्षे, व्यवसाय घरगुती मिरची कांडप, रा. मुरुड, जि. लातूर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी पती, सासू व दीर मल्लिनाथ यांच्यासह राहते. आम्ही लिंगायत आहोत, घरात मांसमच्छी चालत नाही. शेजारी साखराबाई राहतात. त्यांना मी मावशी म्हणते. त्या घरी साबण करून विकतात. मिरचीने माझे हात फुटत, ते त्यांच्या साबणाने भरून आले. म्हणून उन्हाळ्यापासून घरात तोच साबण होता.

पहिली वडी घेताना मी विचारले होते, "मावशी, ह्यो कशाचा हाय?" त्या म्हणाल्या, "शेळीचा." मोबाईलवर मी शेळीच्या दुधाच्या साबणाची जाहिरात पाहिली होती. मी दूध समजले आणि घरी तसेच सांगितले. मावशींनी दुधाचे नाव काढले नव्हते.

काल दुपारी मी व दीर वडी आणायला गेलो. अंगणात चुलीवर चरबी वितळत होती. शेजारी पातेल्यात कॉस्टिक सोड्याचे पाणी निवत ठेवले होते. दीर म्हणाले, "मावशे, हे काय करायलीस?" त्या म्हणाल्या, "साबणाची चरबी हाय. खाटकाकडूनच आणते की."

दीर म्हणाले, "आमचं घर बाटवलंस." त्या म्हणाल्या, "शेळीचा हाय म्हणून पयल्याच दिशी सांगितलं व्हतं. म्या काय लपवलं न्हाई." त्यावर दिरांनी सोड्याच्या पातेल्याला लाथ मारली. पाणी मावशींच्या उजव्या हातावर उडाले. मी त्यांना ओढून नळाखाली धरले. कातडी सोलून निघत होती. त्या मला म्हणाल्या, "चूल इझव गं, चरबी करपंल."

नंतर दिरांनीच फसवणुकीची तक्रार दिली. मावशींनी दूध सांगितले होते, एवढेच म्हण, असे घरच्यांनी मला बजावले. घरात राहायचे आहे ना, असेही सासूबाई म्हणाल्या. राहायचे आहे. पण आज सकाळी लिंगपूजा करून मी इथे आले आहे. चूक माझ्या कानाची आहे, मावशी खोटे बोलल्या नाहीत. लाथ मल्लिनाथ यांनीच मारली, हे मी कोर्टातही सांगेन.

तो साबण मी यापुढे वापरणार नाही. आज हात डाळीच्या पिठाने धुतले. पुन्हा फुटले तर फुटू देत. माझा धर्म मी सांभाळीन, त्यासाठी मावशींचा हात जाळायची गरज नव्हती.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. हवालदार साहेबांनी वर मथळ्यात 'शेळीचा साबण' एवढेच लिहिले आहे. मावशींचा शब्द तोच होता, म्हणून तो तसाच राहू द्यावा. पण माझ्या सहीच्या वर 'शेळीच्या चरबीचा साबण' असे पुरते लिहावे, म्हणजे पुन्हा कोणी माझ्यासारखे अर्धे ऐकणार नाही. तसे लिहून घेतले. आता बरोबर आहे.

शेळीच्या चरबीचा साबण.

(सही) दानम्मा हलकुडे