पिवळं दूध

(सांगली, १९७६. एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. गुणमाला वजनाच्या काट्यावर उभी आहे. तिचा नवरा रामगोंडा पाटील दाराशी.)

डॉक्टर : बास, उतरा खाली. पुन्हा कमीच भरलं. गुणमालाबाई, आता मला खरं सांगा, घरी जाऊन तुम्ही करता तरी काय?

गुणमाला : काय करणार बाई? खाती, आन परसाकडं पळती. येती, परत खाती, परत पळती. दिस त्यातच मावळतोय.

रामगोंडा : आन उपास करती. ते सांग की त्यास्नी.

गुणमाला : आवं, कवा केला मी उपास? चैत्रापासनं सोडलंय न्हवं सगळं? अष्टमी न्हाई, चतुर्दशी न्हाई. बस्तीत देवाच्या दर्शनाला गेलं की बायका इचारत्यात, गुणमालाबाई, धरम सोडला व्हय? तोंड लपवून बसती मी कोपऱ्यात.

रामगोंडा : मग अंगावरचं मास झडतंय कशानं?

गुणमाला : ते मला काय इचारता? मला कळत असतं तर हितं आली असती व्हय?

डॉक्टर : पाटील, आवाज खाली. दवाखाना आहे हा, उसाचा फड नाही.

रामगोंडा : वरडू नको तर काय करू बाई? दुष्काळाच्या साली साताऱ्याला हिचं अल्सरचं ऑपरेशन केलं. हिच्या भावानं, जवाहरनं, फलटणासनं येऊन सगळं बघितलं. पोटातली आग थांबली, म्हणलं सुटलो. तवर साखर निघाली. साखर आटोक्यात आली, तवर हे. पोट फुगतंय ढोलावानी, जुलाब थांबंनात, पायाला मुंग्या. एक बीळ बुजवावं तर दुसरं उघडतंय.

गुणमाला : आन परत्येक डाक्टरचं येगळं. साखरंचा डाक्टर म्हणतोय भात बंद, भाकरी खा. तुमी म्हणता भाकरी जड पडती, मऊ भात खा. जवाहर म्हणतोय ताक पी, सगळं बरं हुतंय. शेजारीण म्हणती ताकानंच वाट लागली. माझ्या ताटात आता नुसती भांडणं वाढलेली असत्यात.

डॉक्टर : ते भांडण मी मिटवलंय. थोडा भात, थोडी भाकरी, दर दोन-तीन तासांनी. साखरेची गोळी जेवणाआधी. पायाच्या मुंग्यांना लाल इंजेक्शन चालू आहे.

गुणमाला : ते लिवरचं न्हाई न्हवं?

डॉक्टर : नाही हो बाई. दर खेपेला विचारता. नुसतं जीवनसत्त्व आहे ते, कुठल्या जनावराचं काही नाही त्यात.

गुणमाला : इचारलेलं बरं. एकदा फसली हाय मी.

डॉक्टर : माझा प्रश्न वेगळाच आहे. ऑपरेशनमध्ये जठराचा तुकडा काढून आतडं वर जोडतात. त्यात आतड्याचं एक वळण बाजूला पडतं. सगळ्यांना त्याचा त्रास होत नाही. तुम्हाला झाला. त्यातून साखरेच्या दुखण्यानं आतडं सुस्त झालेलं. त्या वळणात अन्न तुंबतं—

रामगोंडा : पाटाच्या कडंला पाणी साठून हिरवं हुतंय, तसं. मागच्या बारीला सांगितलासा की.

डॉक्टर : सांगितलं ना? मग तिथं जंतू माजलेत. तुम्ही खाता ते आधी त्यांच्या पोटात जातं. त्यांच्यासाठी मी कॅप्सूल देतेय. नेमकं औषध आहे, चार-आठ दिवसांत फरक दिसायला हवा होता. दिसला नाही. डोस वाढवला. तरी नाही. मध्ये थांबून पुन्हा चालू केलं. तीन महिने झाले, फरक शून्य! तेव्हा रागावू नका, पण विचारते. माझ्या कॅप्सूल चुलीत जातात का?

गुणमाला : बाई!

डॉक्टर : जंतू मारायचं औषध म्हटल्यावर मन मागं घेतात काहीजण. एका आजींनी माझ्या गोळ्या तुळशीत पुरल्या होत्या. सहा महिन्यांनी कळलं मला.

गुणमाला : ते मी आदीच इचारून घेतलंय. चैत्रात आर्यिका माताजी, आमच्या साध्वी, विहार करत गावात आल्या हुत्या. त्यांच्या पाया पडून इचारलं, पोटातलं जीव मारायचं औषध घेऊ का नको? म्हणाल्या, तू संसारी बाई हाईस, दुखण्याला औषध घे, देह टिकला तर धरम हुईल. मनाला लागलं तर णमोकार मंत्र म्हण. तवापासनं चारी येळा घेती. दिस मावळायच्या आत, तुमीच तशा येळा बसवून दिल्यासा. एक घोट सांडू देत न्हाई मी.

डॉक्टर : पाटील, खरं आहे?

रामगोंडा : खरं हाय. मी सोता देतो तिला माझ्या हातानं.

डॉक्टर : मग मला दुसरा रस्ता नाही. मिरजेच्या सर्जनना चिठ्ठी लिहिते. पोट पुन्हा उघडून ते वळण मोकळं करावं लागेल.

गुणमाला : परत कापायचं?

डॉक्टर : अंगात रक्त नाही, साखर आहे, जखम भरेल की नाही देव जाणे. म्हणून तर इतके दिवस टाळत होते. खोटा धीर मी देत नाही. धोका आहे.

रामगोंडा : कसला धोका? सरळ बोला की.

डॉक्टर : टेबलावरून परत येतीलच असं नाही.

रामगोंडा : आन न्हाई कापलं तर?

डॉक्टर : तर हे असंच. काटा खाली खाली जाणार.

गुणमाला : मी जात न्हाई मिरजंला. मरायचं तर घरात मरीन. सगळं ऐकलं मी तुमचं. उपास सोड, सोडलं. लोणचं सोड, सोडलं. लेकीच्या पोराच्या बारशाला गेली न्हाई, परक्याच्या घरात किती बारी तांब्या घिऊन पळायचं म्हून. नातवाचं तोंड बघितलं न्हाई अजून. आन ते तुमचं पिवळं दूध, चार बारी, नाक दाबून घेती. वकारी येती, डोळ्यांतनं पाणी येतं, तरी गिळती. आन तुमी म्हणता चुलीत टाकती!

डॉक्टर : कसलं दूध?

गुणमाला : तुमचंच की. औषधाचं.

डॉक्टर : मी दूध कुठं दिलंय तुम्हाला?

गुणमाला : पिवळी पूड हाय न्हवं तुमची? दुधात कालवून. बाईंनी तसंच घ्याय लावलंय म्हणालं हे.

डॉक्टर : पाटील. चपला नंतर घाला. इकडं या, बसा. कॅप्सूलचं काय करता तुम्ही?

रामगोंडा : देतो की.

डॉक्टर : कशी देता?

रामगोंडा : फोडून.

डॉक्टर : दुधात?

रामगोंडा : लय कडू हाय बाई ते. मी चाटून बघितलं, कारल्याला लाजवतंय. दुधाबिगर उतरंल व्हय नरड्याखाली?

डॉक्टर : अहो, आख्खी गिळायची वस्तू ती! जिभेला कडू लागू नये म्हणूनच आवरण असतं. आणि दूध? त्या औषधाची दुधात माती होते, पाटील! दुधातलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं, अंगात लागूच देत नाही. आलं तसं बाहेर जातं. तीन महिने तुम्ही बायकोला कडू दूध पाजलंत, दुसरं काही नाही!

रामगोंडा : तुमी दूध नको म्हणला न्हाईसा!

डॉक्टर : रिकाम्या पोटी म्हणाले होते. दर खेपेला म्हणाले.

रामगोंडा : मग रिकाम्या पोटीच देतो की! दूध म्हंजी काय जेवाण हाय व्हय? दूध पिऊन कोण जेवलो म्हणतंय का आमच्यात? औषध म्हणलं की मधातनं, नायतर दुधातनं. मध आमास्नी चालत न्हाई. ऱ्हायलं दूध.

डॉक्टर : अरे देवा.

रामगोंडा : घरच्या म्हशीचं. बिनसाकरंचं. मी सोता तापवतो.

डॉक्टर : दुधाचं मी वेगळं सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं. पण फोडायची बुद्धी कुठून झाली तुम्हाला?

गुणमाला : आवं, कापसूल म्हंजी काय? मी तर पूडच बघितलीय आजपातूर.

रामगोंडा : तू गप बस.

गुणमाला : तीन म्हैनं गपच हाय. आता सांगा.

रामगोंडा : औषधाच्या दुकानातला आकाराम बोलला. पयल्याच दिशी. "पाटील, तुमी जैन न्हवं? हे वरलं टोपाण जनावराच्या हाडाकातड्याचं असतंय बरं का." आन हसला. मी तितंच उभा. हातात पाकीट, एसटी भरत आलीय. काय करायचं मी?

डॉक्टर : मला येऊन विचारायचं.

रामगोंडा : तुमास्नी इचारलं असतं तर तुमी हिला सांगितलं असतं.

गुणमाला : मग? मला कळलं तर काय बिघडत हुतं?

रामगोंडा : काय बिघडत हुतं? साताऱ्याला रक्त वाढायला तुला लिवरचं इंजेक्शन दिलं. घरला आल्यावर तुला कळलं, जनावराच्या काळजाचं असतंय म्हून. इसरलीस? पोटावरची जखम ओली, आन तू प्राचित म्हून उपासाला बसलीस. नुसतं पाणी, ते बी उजेडात. जवाहर पाया पडला तुझ्या. थोरला भाऊ, पाया पडला. तू हाललीस का? मी गोठ्यात जाऊन रडत हुतो. ते पुन्हा बघू व्हय मी?

गुणमाला : म्हून लपवलं.

रामगोंडा : सांगावं तर तुझा उपास. न सांगावं तर तुझ्या पोटात हाड. इकडं आड, तिकडं हीर. म्हून फोडली. टोपणं उसाच्या बांधाला नेऊन पुरतो मी रोज.

गुणमाला : तुमी? स्टँडवर कांदाभजी हाणता. मिरजंत अंडं बी खाल्लंय, मला ठावं न्हाई व्हय?

रामगोंडा : माझं सोड गं. मी बाटलेलाच हाय. तू सांभाळलंयस सगळं, पोरगी हुतीस तवापासनं. ते माझ्या हातनं बाटवू व्हय?

डॉक्टर : गुणमालाबाई, पाणी देऊ का?

गुणमाला : नको बाई. आवं, मग आल्यापासनं वरडत कशापायी हुता? उपास करती, उपास करती म्हून? बाईंच्या म्होरं मलाच चोर ठरवलंसा.

रामगोंडा : मला खरंच वाटायचं तसं. औषध तर मी रोज देतोय, एक येळ चुकत न्हाई. मग वजन कमी कशानं? वाटलं, तूच कायतरी लपवतीस माझ्यापासनं.

गुणमाला : मी लपवती! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणत्यात ते हेच. पोट माझं, धरम माझा. दोन्ही तुमी आपल्या पटक्यात बांधून हिंडलासा. इचारायचं तरी एका शब्दानं. मी म्हणली असती, टोपाण काढा आन पूड पाण्यातनं द्या. तेवढंच तर हुतं. त्येच्यापायी नातवाचं बारसं चुकलं माझं. त्येच्यापायी आता मिरजंला मरायची पाळी आली हुती माझ्यावर.

रामगोंडा : चुकलं.

गुणमाला : भ्यालासा मला?

रामगोंडा : तुला न्हाई. तुझ्या उपासाला भ्यालो. अजून बी भितो.

गुणमाला : आता न्हाई बसत मी उपासाला. अंगात हाय काय बसायला? बाई, पाण्यातनं चालंल न्हवं ते? टोपाण काढून?

डॉक्टर : चालेल. कडू लागेल, फार कडू. वर पेलाभर साधं पाणी प्यायचं. त्याच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास दूध नाही, दही नाही, ताक नाही. तुमच्या भावालाही सांगा. जेवणाची आणि साखरेच्या गोळीची वेळ मी पुन्हा बसवून देते, नाहीतर एक सुधारायला जायचं आणि साखर घसरून चक्कर यायची. पंधरा दिवस बघू.

रामगोंडा : आन ती मिरजंची चिठ्ठी फाडा की मग.

डॉक्टर : फाडत नाही, पाटील. खणात ठेवते. औषध आजपासून सुरू होतंय, अजून मला काही माहीत नाही. आणि गुणमालाबाई, मघाशी चुलीचं बोलले ते—

गुणमाला : ऱ्हाऊ द्या बाई. तुमी टोचलंसा म्हून तर दुधाचं तोंडातनं बाहीर पडलं. न्हाईतर मी गपचिप घरात मेली असती.

रामगोंडा : पण नुसत्या पाण्यातनं कसं उतरायचं गं तुला? मी चाटलंय ते.

गुणमाला : ते माझं मी बघीन. आता माझ्या हातानं फोडणार, माझ्या हातानं घेणार.

रामगोंडा : मग मी काय करू?

गुणमाला : तुमी म्होरं बसायचं, पाण्याचा पेला धरून.

रामगोंडा : बसतो की.

गुणमाला : आन आत पाणीच हाय न्हवं, ते आदी दावायचं मला.